एकाच नंबरचे दोन रिमोट

दादाराव,

गेल्या आठवड्यात तुमच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात मला बोलायला उभं केलं. आधी कुणी सांगितलं नव्हतं. वंदना झाली, भन्तेजी बोलले, आणि मग तुमच्या साळ्यानं माईक थेट माझ्या हातात दिला. "मास्तर, तुमी त्यायचे जुने दोस्त. तुमी बोला."

तीस वर्षं वर्गात बडबड केलेला माणूस मी. पण समोर तुमचा फोटो, फोटोत तुम्ही कधी नव्हे ते केस विंचरलेले, आणि माझ्या डोक्यात एक शब्द येईना. मी म्हणालो, "दादाराव अतिशय शांत स्वभावाचे होते." मागच्या रांगेत कुणीतरी खोकलं. मी पुढे रेटलं, "त्यांनी कधी कुणाशी वाद घातला नाही." यावर वहिनींनी खाली घातलेली मान वर केली आणि माझ्याकडे असं पाहिलं, की मी माईक परत दिला आणि चटईवर जाऊन बसलो.

तर जे तिथे जमलं नाही ते इथे लिहितो. तुम्ही शांत असता तर मी वीस वर्षं रविवारची सकाळ त्या ई-क्लासच्या सरकारी गायरान माळावर घालवली नसती. शांत माणसं मला घरी पुष्कळ होती.

आपली ओळख झाली ती माझ्या पहिल्या विमानामुळे. म्हणजे ते पडल्यामुळे. शेलूबाजारला बदली होऊन मला वर्षही झालं नव्हतं. विज्ञान प्रदर्शनासाठी मी थर्माकोलचं विमान केलं होतं आणि पुण्याच्या एका दुकानातून रिमोट मागवला होता. मुख्याध्यापक, सगळे शिक्षक आणि सगळी शाळा मैदानात उभी होती. मी विमान सोडलं. ते सरळ वर गेलं, वर जाऊन जरा थांबलं, आणि मग बाजाराच्या दिशेनं निघून गेलं. मी रिमोटच्या दांड्या इकडून तिकडे ओढत होतो, पण त्याला माझ्याशी काही देणंघेणं राहिलं नव्हतं. मुलांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं ते असंच जायचं असतं.

मी धावत बाजारात आलो तेव्हा तुम्ही तुमच्या रेडिओ दुरुस्तीच्या दुकानासमोर बांबू घेऊन उभे होतात आणि पत्र्यावरून ते खाली ढकलत होतात.

"हे तुमचं हाय?"

"हो. म्हणजे उडता उडता जरा..."

तुम्ही ते हातात घेतलं, एका बोटावर तोललं, शेपटीकडे कललेलं पाहिलं. "मास्तर, हे उडालं नाही. हे फेकल्या गेलं."

मग मला स्टुलावर बसवलंत, फुटक्या रेडिओच्या स्पीकरमधला चुंबक काढलात आणि माझ्या विमानाच्या नाकात कोंबलात. "आता न्या. आताही पडन, पण सरळ पडन." मी निघालो तेव्हा कपाटामागून तुम्ही स्वतःचा रिमोट काढून दाखवलात. काळा, जड, लोखंडी पेटीसारखा. नागपूरला उमेदवारी करत असताना एका शौकीन माणसाचा तुम्ही दुरुस्त केला होता आणि त्यानं तो तुम्हालाच देऊन टाकला होता. त्याची अँटेना तुम्ही ओढत गेलात, ओढत गेलात, आणि ती दुकानाबाहेर रस्त्यावर गेली. एक सायकलवाला थांबला. तुम्ही त्याला म्हणालात, "जा बाप्पा, जा, काही होत नाही."

हे वहिनीही वाचणार आहेत, म्हणून त्यांच्यासाठी एवढं सांगून ठेवतो. जुन्या रिमोटच्या पोटात नखाएवढा क्रिस्टल असतो. त्याला नंबर असतो. रिमोट त्या नंबरच्या लहरीवर बोलतो आणि विमानाच्या पोटातला रिसीव्हर त्याच लहरीवर ऐकतो. आपल्या दोघांच्या क्रिस्टलचा नंबर निघाला एकच. याचा अर्थ असा, की तुमचं विमान आकाशात असताना मी माझ्या रिमोटचं बटण दाबलं, तर तुमच्या विमानाला एकदम दोन मालक मिळणार आणि ते वेडं होऊन खाली येणार. म्हणून तुम्ही वहिनींच्या वाळत घातलेल्या कपड्यांवरचा एक लाल चिमटा आणलात. तो ज्याच्या कॉलरला, त्यानंच रिमोट चालू करायचा. दुसऱ्यानं तेलाच्या पिप्यावर बसून पाहायचं.

मी पहिल्याच महिन्यात म्हणालो होतो, "दादाराव, वेगळ्या नंबरचा क्रिस्टल मागवू. दोघांना एकदम उडवता येईल."

"मागवला हाय," तुम्ही म्हणालात. "येऊन राह्यला."

तो क्रिस्टल पुढे सोळा वर्षं येऊन राह्यला. गावात मोबाईल आले, तुमच्या दुकानातले रेडिओ संपून चार्जर आले, माझे काळे केस गेले. क्रिस्टल काही आला नाही. विचारलं की तुम्ही म्हणायचे, "नागपूरले आला हाय म्हणते. उतरून घ्याचा हाय फक्त."

आणि पिप्यावर बसून तुम्ही नुसतं पाहिलं असतं तर एक वेळ चाललं असतं. तुम्ही बोलायचे. माझं विमान वर गेलं की तुमचं तोंड सुरू. "मास्तर, नाक वरतं घ्या. नाक! तुमचं नाही, इमानाचं." मी वळण घेतलं की, "इतकं मोठं वळण? लग्नाची वरात हाय काय?" उतरताना विमान दोनदा उसळलं की तुम्ही मोठ्यानं मोजायचे. माझी पाळी संपली की चिमटा तुमच्या कॉलरला जायचा, आणि मग मी पिप्यावर बसून सूड घ्यायचो. पण मला तुमच्यासारखं कधी जमलं नाही, कारण तुम्ही चुकत नव्हतात. मी शेवटी राजकारणावर यायचो. त्यावर तुम्ही लगेच भडकायचे आणि भडकलात की तुमचं विमान जास्तच सुंदर उडायचं.

माझी आई गेली त्या वर्षी मी बरेच दिवस माळावर आलो नाही. मग एका रविवारी आलो. तुम्ही काही विचारलं नाही. चिमटा काढून माझ्या कॉलरला लावलात. माझी पाळी संपली, मी तो काढायला गेलो, तर तुम्ही म्हणालात, "राहू द्या." दुसरी बॅटरी संपली. "राहू द्या." त्या दिवशी ऊन डोक्यावर येईपर्यंत मी एकटाच उडवत होतो, आणि त्या दिवशी तुम्ही एकदाही नाकाबद्दल बोलला नाहीत. मी तुमचे आभार मानले नाहीत. आपल्यात ती पद्धत नव्हती. आज मानतो.

तुमची निळी, म्हणजे तुमचं ते विमान, मात्र वेगळीच चीज होती. हलक्या लाकडाचा सांगाडा तुम्ही अख्ख्या पावसाळ्यात घासून केला होता आणि पंखांवर चढवायला कापड म्हणून वहिनींची निळी साडी कापली होती. वहिनींना ते कळलं तेव्हा पंख तयार झाले होते आणि साडीचा काठ नेमका मागच्या कडेला आला होता. त्या तीन दिवस तुमच्याशी बोलल्या नाहीत. तुम्ही मला म्हणालात, "बरं झालं. तीन दिवसात रंग वाळला."

आता ती गोष्ट येते जी मी तुम्हाला सांगितली नाही.

निवृत्तीच्या आधीचा हिवाळा. निळी वर होती, चिमटा तुमच्या कॉलरला होता, मी पिप्यावर. ती इतकी अलगद तरंगत होती की तुम्हीही गप्प होतात. मला वाटलं, तेवढ्यात आपली बॅटरी चार्ज आहे का पाहून घ्यावं. रिमोट पिशवीत होता. मी पिशवीत हात घातला आणि बटण दाबलं. एका क्षणापुरतं, दादाराव. दिवा लागला, तो पाहिला, बंद केलं.

निळीनं एक गिरकी घेतली, मग दुसरी, आणि नाक खाली करून ती नामदेव पाटलाच्या तुरीत गेली. आवाज आला तो मला अजून ऐकू येतो.

आपण दोघं तुरीत शिरलो. कंबरेएवढ्या तुरीत एक पंख सापडला, मग धड, मग दुसरा पंख. नामदेव पाटील बांधावर उभा राहून ओरडत होता, "अबे, माह्यी तूर हाय ते! विमानतळ नाही!" तुम्ही सगळे तुकडे गोळा केलेत. रिमोटकडे पाहिलंत. आकाशाकडे पाहिलंत. मग माझ्याकडे.

"काय झालं असन, मास्तर?"

आणि मी, तीस वर्षं मुलांना खरं बोलायला शिकवणारा, म्हणालो, "दादाराव, तुमचा सेट जुना झाला."

यापेक्षा नीच वाक्य मी आयुष्यात बोललो नाही. तुम्ही मान हलवलीत. "असन," एवढंच म्हणालात.

त्यानंतर मी नव्या सेटच्या मागे का लागलो ते आता तुमच्या लक्षात आलं असेल. तुम्हाला वाटलं असेल, मास्तरला आधुनिकतेचं वेड लागलं. वेड नव्हतं, झोप येत नव्हती. निवृत्तीच्या वेळी मी नवे दोन सेट मागवले. एक मला, एक तुम्हाला. त्यात क्रिस्टल नाही, नंबर नाही. रिमोट आणि रिसीव्हर यांची एकदा गाठ बांधून दिली की ते दुसऱ्या कुणाचं ऐकतच नाहीत. शंभर जणांनी एका माळावर उडवलं तरी कुणाचं कुणात जात नाही. मी खोकं घेऊन दुकानात आलो तेव्हा तुम्ही एका मोबाईलची काच बसवत होतात. खोकं उघडलंत, रिमोट काढलात, उलटा करून पाहिलात.

"याची एंटेना कुठी हाय?"

"हीच. ही छोटी."

"हे? बोटाएवढं?" तुम्ही माझ्याकडे दया आल्यासारखं पाहिलंत. "मास्तर, याचं मुंडन करून आणलं तुमी."

मी तुम्हाला गाठीची गोष्ट समजावली. एकदा जुळलं की दुसऱ्याकडे पाहत नाही. तुम्ही म्हणालात, "मंग लग्न लावलं म्हणा ना सरळ. पण पत्रिका जुळली काय?" आणि खोकं बंद करून वरच्या फळीवर ठेवून दिलंत. "राहू द्या वरते. दिवाळीले पाहू."

चार दिवाळ्या गेल्या.

मी माझा नवा सेट घेऊन माळावर आलो तेव्हा मला वाटलं, आता तरी चिमट्याची भानगड संपली. माझी लहर वेगळी, तुमची वेगळी. दोघं एकदम उडवू. निळी तुम्ही जोडून पुन्हा उभी केली होती, पंखाला जोड दिसत होता. ती वर गेली. मी माझा नवा रिमोट चालू केला, आणि निळी थरथरायला लागली. डावीकडे, उजवीकडे, तापानं फणफणल्यासारखी.

"बंद करा! बंद करा!" तुम्ही ओरडलात.

मी बंद केला. निळी सरळ झाली.

"पाह्यलं?" तुम्ही कपाळावरचा घाम पुसलात. "तुमचं नवं माह्या जुन्याले त्रास देते."

"दादाराव, हे शक्यच नाही. या दोन लहरींचा एकमेकींशी काही संबंध नाही."

"पुस्तकात नसन. माळावर हाय."

पुढच्या रविवारी मी पुन्हा चालू करून पाहिला. निळी पुन्हा थरथरली, या वेळी जरा जास्त. त्याच्या पुढच्या रविवारी तिनं अर्धी गिरकी घेतली आणि तुम्ही "अरे बापरे!" असं ओरडलात. तिसऱ्या खेपेनंतर माझी हिंमत झाली नाही. तुरीतला तो आवाज माझ्या कानात होता. मी विज्ञान शिकवलेला माणूस, दोन वह्या भरून आकृत्या काढल्या, पुण्याच्या दुकानदाराला फोन केला. तो म्हणाला, "सर, असं होऊच शकत नाही." मी म्हणालो, "होतंय ना पण! माझ्या डोळ्यांनी पाहिलं!" त्यानं पुढे माझे फोन उचलणं बंद केलं.

चिमटा परत आला. पिपा परत आला. आपण पुन्हा पाळीपाळीनं उडवू लागलो, आणि प्रत्येक रविवारी मी म्हणायचो, "वरच्या फळीवरचा सेट काढा," आणि तुम्ही म्हणायचे, "या एंटेनाले हवा लागते मास्तर, तुमच्या त्या मुंडक्याले काय लागते?" मग शिव्या, मग चहा. तुमच्या शेवटच्या रविवारीही हेच झालं. मी चिडून पिप्याला लाथ मारली आणि म्हणालो, "तुम्ही सुधारणार नाही." तुम्ही हसलात. बुधवारी तुम्हाला वाशीमला दवाखान्यात नेल्याचा फोन आला, मी निघालो, जीपमध्ये बसलो आणि वाटेतल्या मालेगावपाशी पोचायच्या आत दुसरा फोन आला.

"तुम्ही सुधारणार नाही." हे माझं तुमच्याशी शेवटचं वाक्य आहे. त्यात थोडी दुरुस्ती करायची आहे, म्हणून पुढचं सांगतो.

कार्यक्रमानंतर दोन दिवसांनी वहिनींनी मला बोलावलं. दुकानाच्या मागच्या खोलीत त्या तूरडाळ निवडत बसल्या होत्या. म्हणाल्या, "भाऊ, त्यायचं इमानाचं सामान पाहून घ्या. मशिनीत बॅटरी राह्यली का फुगते म्हणत व्हते ते."

मी तुमचा काळा रिमोट घेतला. वीस वर्षांत तुम्ही मला त्याचं झाकण काढू दिलं नव्हतं. मी हात लावला की म्हणायचे, "तुमी पोरायले धडे शिकवा, पेचकस माह्याकडे द्या." मागचे चार स्क्रू काढले. झाकण उचललं.

आत तुमचा जुना सेट नव्हताच.

आत मी आणलेला नवा सेट होता. त्याची अख्खी सर्किटची हिरवी पाटी तुम्ही जुन्या पेटीत बसवली होती, इतकी सुरेख की वायरीसुद्धा दोऱ्यानं बांधलेल्या. ती बोटाएवढी अँटेना वरच्या प्लास्टिकच्या मुठीत दडवली होती. आणि ती लांब चकचकीत अँटेना, जिला हवा लागायची, ती कशालाच जोडलेली नव्हती. नुसती शोभेची. मी धावत जाऊन निळीचं पोट उघडलं. नवा रिसीव्हर. शेपटीतून लोंबणारी जुन्या रिसीव्हरची ती लांब वायर आतमध्ये एका काडेपेटीच्या काडीला गाठ मारून अडकवली होती.

मग वरच्या फळीवरचं खोकं काढलं. चांगलं जड लागलं. आत नव्या रिमोटचं रिकामं टरफल होतं आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेली अर्धी वीट. मी कधी उचलून पाहिलंच तर वजन कमी भरू नये म्हणून.

म्हणजे ती थरथर! ती अर्धी गिरकी! ते "बंद करा, बंद करा!" तुम्ही स्वतःच्या हातानं दांड्या हलवत होतात! कपाळावरचा घामसुद्धा? दादाराव, घाम कसा आणलात?

"वहिनी," मी म्हणालो, "या माणसानं मला चार वर्षं मूर्ख बनवलं."

वहिनींनी सुपातला एक खडा बाजूला टाकला. "अन तुमी, भाऊ?"

"मी काय?"

"त्या दिवशी पिशवीत हात घालून बटन तुमीच दाबलं व्हतं ना?"

मला वाटलं, आपल्याला नीट ऐकू आलं नाही.

"घरी आले व्हते ते इमानाचे तुकडे घेऊन," वहिनी म्हणाल्या. "म्हणे, मास्तरनं बटन दाबलं. म्या पाह्यलं. म्या म्हटलं, मंग इचारा त्यायले. त म्हणे, नाही. मास्तर स्वतः सांगतीन. आज नाही त उद्या सांगतीन." त्यांनी सूप हलवलं. "मंग तुमी ते नवं खोकं आणलं. म्या म्हटलं, घ्या आता, माफी मागून राह्यले. त म्हणे, हो, कळलं मले. वापरतो ते, पण लपवून. मास्तरले कळलं का दोघं एकदम उडवू अन घरी जाऊ. मंग पाह्यन कोण?"

मी अर्धी वीट परत वर्तमानपत्रात गुंडाळली.

"लय हासत व्हते रविवारी घरी येऊन," वहिनी म्हणाल्या. "मास्तरनं आज वही आणली म्हणे. आकुत्या काढल्या म्हणे." आणि त्या हसल्या. हसता हसता पदर तोंडाशी नेला. मीही हसलो, आणि मग आम्ही दोघंही हसत नव्हतो.

चार वर्षं तुम्ही वाट पाहिलीत, दादाराव. दर रविवारी मला एक जागा करून दिलीत, त्या पिप्यावर, जिथे बसून माणसाला फक्त बोलताच येतं. आणि मी राजकारणावर बोललो. आता लिहून देतो, तुम्ही वाचणार नसलात तरी: बटण मी दाबलं. तुमचा सेट चांगला होता. खोटं मी बोललो.

पण तुमचंही चुकलंच. एका शब्दानं विचारलं असतं तर मी रडलो असतो, आणि पुढच्या रविवारी तरीही आलो असतो. माझ्याबद्दल एवढी खात्री तुम्हाला वाटायला हवी होती. हे भांडण मी सोडलेलं नाही.

मी सामान बांधायला घेतलं तेव्हा वहिनी म्हणाल्या, "हे उडते कसं, मले दाखवा एकडाव."

वीस वर्षांत त्या कधी माळावर आल्या नव्हत्या. आपण त्यांना कधी बोलावलंही नाही, ही गोष्ट मला तेव्हा सुचली आणि लाज वाटली. रविवारी मी रिक्षा बोलावली. निळीचा पंख रिक्षाच्या दोन्ही बाजूंनी बाहेर आला. रिक्षावाला मागे वळून म्हणाला, "मास्तर, मी हळूच घेतो. स्पीड पकडली त वरतेच जाऊ आपण." बाजारातून जाताना सगळं गाव पाहत होतं. वहिनी निळीला मांडीवर धरून अशा ताठ बसल्या होत्या, जशा काही देवळात नाही तर कोर्टात निघाल्या आहेत.

माळावर वारा बेताचा होता. गवत वाळलं होतं. वहिनी पिप्यावर बसल्या, पदर खोचला. मी तुमचा काळा रिमोट हातात घेतला. निळी वर गेली. मी तिला एक मोठा फेरा दिला, मग दुसरा. वर घारी होत्या, त्यातल्या एकीनं खाली येऊन तिच्याकडे पाहिलं आणि परत गेली. कानाशी कुणी बोलत नव्हतं. मी दोनदा मागे वळून पाहिलं. उतरवताना मी दांडी जरा जास्तच ओढली, निळी डावीकडे कलली, उसळली, गवतात घसरत जाऊन थांबली.

मी जाऊन तिला उचलून आणलं. वहिनींनी पंखाला लागलेली गवताची काडी काढली.

"झालं?"

"झालं."

"वीस वर्सं तुमी दोघं हेच करत व्हते?"

"हो."

"घरून डबा नेऊन? उन्हातान्हात?"

"हो, वहिनी."

"इतकंच?"

"इतकंच."

त्यांनी निळीकडे पाहिलं, आकाशाकडे पाहिलं, आणि मग माझ्या हाताकडे. "मले यातलं काही समजत नाही," त्या म्हणाल्या. "पण उतरताना ते वाकडं झालं ते तुमच्या हातानं झालं. इमान सरळच येत व्हतं."

मी म्हणालो, वारा होता.

"वारा कुठी व्हता?" वहिनी म्हणाल्या, आणि पिप्यावर जरा सरकून नीट बसल्या. "दुसरी बॅटरी टाका."